सरकारच्या सीमा आणि व्यक्तीचे हक्क : स्वातंत्र्यवादी विचाराचा मराठवाडी अध्याय

शासनसंस्थेने कोणते काम करावे आणि कोणत्या कामात हात घालू नये, हा राज्यशास्त्रातील अतिप्राचीन प्रश्न आहे. त्याला सर्वांत काटेकोर उत्तर देणारी विचारधारा म्हणजे स्वातंत्र्यवाद, अर्थात लिबर्टेरियन विचार. तिचे प्रतिपादन असे की, प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतःच्या देहाची, बुद्धीची आणि श्रमाची धनी आहे. श्रमातून किंवा राजीखुशीच्या देवघेवीतून मिळालेल्या वस्तूवर तिचा हक्क आहे. ती जोवर दुसऱ्यावर बळजोरी करीत नाही आणि कोणाला फसवीत नाही, तोवर तिच्या निर्णयांच्या आड शेजाऱ्याने येऊ नये, तसेच सरकारनेही येऊ नये. जीविताचे, मालमत्तेचे आणि कराराचे रक्षण एवढेच सरकारचे स्वाभाविक कर्तव्य होय. त्यापलीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे समर्थन सरकारने द्यायचे असते; मोकळीक का हवी, याचे समर्थन नागरिकाने द्यायचे नसते.

हा विचार पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्याकडे आला आणि शहरी सुखवस्तू वर्गात राहिला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मराठी मुलखात या विचाराची खरी कसोटी लागली ती कांदा, ऊस आणि कापूस यांच्या भावावर, कोरडवाहू शेताच्या बांधावर; आणि त्या कसोटीची मोठी किंमत मोजली ती आजच्या हिंगोली जिल्ह्यातील सुरेगावने. म्हणून विचाराचे सामान्य स्वरूप पाहून झाल्यावर या लेखात हिंगोलीचा भूभाग मध्यवर्ती ठेवला आहे.

स्वातंत्र्यवादाची वैचारिक वंशावळ सामान्यतः जॉन लॉकपासून सांगतात. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या राज्यविषयक दोन प्रबंधांत श्रमातून मालकी उत्पन्न होते असा सिद्धान्त आहे : निसर्गातील वस्तूत माणसाने आपले कष्ट मिसळले की ती वस्तू त्याची होते, आणि हा हक्क राज्य जन्माला येण्याच्या आधीचा आहे. राज्य तो देत नाही, केवळ राखते. फ्रेंच विचारवंत फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० मध्ये कायद्यावर छोटी पुस्तिका लिहिली. रक्षणासाठी निर्माण झालेला कायदाच एकाचे काढून दुसऱ्याला देण्याचे हत्यार बनला म्हणजे काय होते, याचे विवेचन तिच्यात आहे. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ चा. विसाव्या शतकात फ्रीड्रिख हायेक याने १९४४ मध्ये सर्वंकष नियोजनातून गुलामगिरीकडे जाणारी वाट दाखवली, आणि रॉबर्ट नोझिक याने १९७४ मध्ये किमान राज्याचे तत्त्वज्ञान तर्कशुद्ध मांडून विद्यापीठांना त्याची दखल घ्यायला लावली.

या विचाराचे प्रकार सरकारला किती जागा द्यायची यावरून पडतात. अभिजात उदारमतवादी सर्वांत सौम्य. न्याय, संरक्षण यांच्यासोबत रस्ते, प्राथमिक शिक्षण, साथरोगांचा बंदोबस्त अशी कामे सरकारने करावीत हे त्यांना मान्य असते. हायेकने तर निराधारांसाठी किमान उत्पन्नाची तरतूदही मान्य केली. किमान राज्यवादी पोलीस, न्यायालय आणि सैन्य या तिघांवर थांबतात. राज्यविहीनतावादी, ज्यांचा प्रमुख अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्ड, ही तीन कामेही स्वेच्छेच्या संस्थांकडे सोपवू पाहतात. चौथा प्रवाह जमिनीला सर्वांचा समान वारसा मानतो आणि केवळ जमिनीच्या भाड्यावर कर घ्यावा म्हणतो. १८७९ मध्ये दारिद्र्य आणि प्रगतीवर ग्रंथ लिहिणारा हेन्री जॉर्ज त्याचा आधार. आपल्याकडे जो प्रवाह रुजला तो पहिला. बाकीचे येथे ग्रंथालयापलीकडे फारसे गेले नाहीत.

हक्कांच्या स्वरूपाविषयी एक भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. काही हक्क इतरांनी केवळ हात आवरला तरी पुरे होतात : बोलण्याचा, श्रद्धेचा, माल विकण्याचा, गाव सोडून जाण्याचा हक्क. काही हक्कांसाठी दुसऱ्या कोणाला तरी काही द्यावे लागते : धान्य, घर, नोकरी. स्वातंत्र्यवादी पहिल्या वर्गालाच हक्क म्हणतात. दुसऱ्याला ते गरज, दया किंवा धोरण म्हणतील, पण हक्क म्हणणार नाहीत. भारतीय संविधानाने मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे वेगवेगळ्या भागांत ठेवली, तेव्हा या भेदाची जाणीव घटनाकारांना होती असे दिसते.

मराठीत व्यक्तिस्वातंत्र्याचा पहिला खंबीर तात्त्विक पुरस्कार गोपाळ गणेश आगरकरांनी केला. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. मिल आणि स्पेन्सर यांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. मात्र आगरकरांसमोरचा जुलूम सरकारपेक्षा रूढीचा अधिक होता, आणि म्हणूनच १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, तर परकीय सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये म्हणून टिळकांनी त्याला विरोध केला. सरकारला आवर घालावा असे टिळकांचे म्हणणे. पण त्या आवरामुळे अल्पवयीन मुलीचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न आगरकरांचा. व्यक्तीवर बळजोरी राज्य करते तसे कुटुंब, जात आणि गावही करतात. या वादातील आगरकरांची बाजूच स्वातंत्र्यवादाच्या मूळ तत्त्वाशी अधिक प्रामाणिक आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून हीच बाजू लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात, खटले सोसून, लढवली.

आर्थिक स्वातंत्र्याची परंपरा मुंबईत आकाराला आली. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ ही संस्था स्थापिली. नानी पालखीवाला पुढे तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या अर्थसंकल्पावरील व्याख्यानांना क्रीडांगण भरू लागले. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला उत्तर म्हणून चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष उभारला. शेतकऱ्याची जमीन सामुदायिक नियंत्रणाखाली जाऊ नये, हा त्या पक्षाचा मुख्य मुद्दा होता. तरीही महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याला पाय रोवता आले नाहीत. येथील ग्रामीण सत्ता सहकारी कारखाने आणि बँका यांच्याभोवती बांधली गेली होती, आणि स्वतंत्र पक्षाची भाषा कुणब्याच्या अनुभवाशी जोडून देणारा माणूस त्या पक्षाकडे नव्हता.

तो माणूस शरद जोशी. ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्मलेले जोशी भारतीय टपाल सेवेत अधिकारी होते. १९६८ पासून ते स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघात काम करीत होते. ती नोकरी सोडून ते परतले आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. हिशेब ठेवून शेती केल्यावर त्यांच्या ध्यानात आले ते असे : शेतकरी आळशी, अडाणी किंवा उधळ्या म्हणून गरीब नाही, त्याचा माल उत्पादनखर्चाच्या खाली विकला जावा अशी सरकारी धोरणाची रचनाच आहे. निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यावर मर्यादा, जिल्हाबंदी, राज्यबंदी आणि ऐन हंगामात आयात ही त्या रचनेची साधने. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा राज्यभर पोहोचली. सरकार प्रश्न काय सोडवणार, सरकार हाच प्रश्न आहे, असे जोशी सांगत. पुढे हेच त्यांच्या संघटनेचे ब्रीद झाले.

आता हिंगोलीकडे वळू. हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. उद्योग नगण्य, जगणे पावसावरच्या शेतीवर. ऐंशीच्या दशकात येथले हुकमी नगदी पीक कापूस होते. शेतकरी संघटनेचे दुसरे अधिवेशन १९८४ मध्ये परभणीस भरले आणि या टापूतील तरुण मोठ्या संख्येने तिच्याकडे ओढले गेले.

कापसाच्या बाबतीत महाराष्ट्राची व्यवस्था देशात आगळी होती. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस केवळ शासनाच्या योजनेलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्यास विकायचा नाही, राज्याच्या सीमेबाहेर न्यायचा नाही. व्यापाऱ्यांच्या लुबाडणुकीतून शेतकऱ्याला सोडवणे हा योजनेचा उद्देश होता, आणि सुरुवातीच्या काही हंगामांत अनेकांना ती आधाराची वाटली, हे नमूद केले पाहिजे. परंतु केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीत माल खाली उतरवला जाई, चुकारे थकत आणि भांडवल उभारणी निधीच्या नावाने पैसे कापून घेतले जात. सीमेपलीकडे आंध्रात किंवा मध्य प्रदेशात भाव चढा असला तर आपलाच कापूस तिकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरे. नाक्यावर बैलगाडी अडवणारा शिपाई आणि केंद्रावर भाव ठरवणारा अधिकारी एकाच सरकारचे नोकर होते.

१९८६ च्या हंगामात भावाच्या प्रश्नावर राज्यभर कापूस आंदोलन पेटले. १० डिसेंबर १९८६ रोजी सुरेगाव येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. संघटनेचे कार्यकर्ते या दिवशी तेथे हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी जमत आले आहेत. १० डिसेंबर हाच जागतिक मानवी हक्क दिन. १९४८ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्या जाहीरनाम्याचे सतरावे कलम सांगते की प्रत्येकाला मालमत्ता धारण करण्याचा हक्क आहे आणि ती कोणाकडूनही मनमानीपणे हिरावली जाऊ नये.

सुरेगावच्या घटनेचा तात्त्विक अर्थ आजवर पुरेसा मांडला गेलेला नाही, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मोकळ्या बाजारात गिऱ्हाईक आणि विक्रेता यांचे भावावरून पटले नाही तर विक्रेता माल घेऊन पुढच्या दुकानी जातो. कोणाचे रक्त सांडत नाही. जेथे गिऱ्हाईक एकच असते आणि ते गिऱ्हाईक म्हणजेच सरकार असते, तेथे भावाची घासाघीस म्हणजे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. नाही म्हणण्याची दुसरी जागाच उरत नाही. उरतो तो रस्ता आणि रस्त्यावर पोलीस. आर्थिक सत्ता आणि दंडसत्ता एका हाती एकवटू नये, असे हायेकने ग्रंथात सांगितले होते. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना ते हायेक न वाचता कळले. मराठी स्वातंत्र्यवादाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विचारले तर प्रस्तुत लेखक ग्रंथाकडे बोट न दाखवता सुरेगावकडे दाखवील.

येथे ऐतिहासिक अचूकतेसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८६ चे आंदोलन मुख्यतः सरकारने रास्त भाव द्यावा यासाठी होते. सरकारने खरेदीतून बाहेर पडावे ही मागणी तेव्हा अग्रस्थानी नव्हती. खुल्या व्यवस्थेची भूमिका संघटनेत टप्प्याटप्प्याने पक्की झाली. जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावाला जवळजवळ सर्व पक्ष विरोध करीत असताना जोशींनी त्याचे स्वागत केले, कारण आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम सरकारला शेतकऱ्याचा भाव पाडण्यापासून काही अंशी रोखतील असा त्यांचा हिशेब होता. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीस मुभा मिळून कापसावरील एकाधिकार संपुष्टात आला.

मालमत्तेचा हक्क घरातील स्त्रीला आहे की नाही, या प्रश्नावर बहुतेक स्वातंत्र्यवादी ग्रंथ मौन पाळतात. शेतकरी संघटनेने ते पाळले नाही, आणि मराठी अध्यायाचे हे वैशिष्ट्य अभिमानाने नोंदवावे असे आहे. सुरेगावच्या एकच महिना आधी, ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी, नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम निघाला : पुरुषांनी स्वेच्छेने काही जमीन पत्नीच्या नावे करावी, आणि ज्या गावात शंभर जण तसे करतील त्या गावाला लक्ष्मीमुक्त गाव म्हणावे. यात सरकारी सक्ती नव्हती, अनुदानही नव्हते. राज्यभर असंख्य सातबारा उताऱ्यांवर स्त्रियांची नावे चढली. हक्कांचे पुनर्वाटप बळावाचून होऊ शकते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिल्यास भारतात मालमत्तेच्या हक्काची कहाणी क्रमाक्रमाने आकसत गेलेली आहे. मूळ संविधानात तो मूलभूत हक्क होता. १८ जून १९५१ रोजीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले आणि त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीतून सूट दिली. आरंभी त्यात १३ कायदे होते. ती संख्या पुढे २८४ वर गेली, आणि त्यांतील बहुसंख्य जमिनीविषयक आहेत. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल शेतजमीन धारणा कायदा त्यांपैकीच. कोरडवाहू जमिनीला ५४ एकर आणि बारमाही बागायतीला १८ एकर ही त्याची मर्यादा. कारखान्याला किंवा दुकानाला अशी मर्यादा नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून कलम ३०० अ मध्ये केवळ कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन कमाल जमीन धारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करावेत अशी मागणी करते आणि १८ जून हा शेतकरी पारतंत्र्य दिवस म्हणून पाळते.

न्यायालयांनी मात्र सरकारच्या सीमा वेळोवेळी आखल्या, आणि त्यांतील कित्येक खटले महाराष्ट्रातून गेले आहेत. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात, ज्यात पालखीवालांनी युक्तिवाद केला, संविधानाच्या मूलभूत चौकटीला संसदही धक्का लावू शकत नाही असे ठरले. महाराष्ट्राच्या कमाल जमीन कायद्यातून उद्भवलेल्या वामनराव खटल्यात या तारखेनंतर नवव्या परिशिष्टात घातलेल्या कायद्यांनाही हीच कसोटी लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदीच्या सुधारित कायद्यातील, परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारी तरतूद खाजगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केली. हत्याबंदी कायम ठेवली. आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, मुंबईतील मालमत्ताधारकांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही.

आजच्या हिंगोलीत या विचाराचा उपयोग कोठे होतो, हे पाहायचे तर पिकांकडेच पाहावे. कापसाची जागा बऱ्याच शिवारांत सोयाबीनने घेतली आहे. सोबत तूर, हरभरा आणि हळद. केंद्र सरकार दर हंगामात जाहीर करते त्या हमीभावाच्या यादीत हळद नाही. तिच्यासाठी सरकारी खरेदी केंद्र नाही, शेतकऱ्याला अमुकच ठिकाणी विक म्हणणारा एकाधिकार नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच असे म्हणण्याचा मोह होतो, हिंगोली आणि वसमत राज्यातील हळदीच्या प्रमुख बाजारपेठांमध्ये गणल्या जाऊ लागल्या. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचे भाव कोसळतात तेव्हा शेतकरी पोळतो, हेही तितकेच खरे. त्या वेळी हस्तक्षेपाची मागणी याच गावांतून उठते. पण भाव चढतो तेव्हा त्याचा लाभ अडवणारे कोणी नसते.

सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे तसे नाही. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांच्या वायदेबाजारावर बंदी घातली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली. जून २०२४ मध्ये, महागाई रोखण्यासाठी, तूर आणि हरभऱ्याच्या साठ्यावर मर्यादा आली. साठामर्यादेचा नियम व्यापाऱ्याला लावला जातो, परंतु साठवता न येणारा व्यापारी खरेदीच कमी करतो आणि तोटा अडतीतल्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा होतो. बाजार समित्यांचा इतिहास याच परिसराशी निगडित आहे : नियंत्रित कापूस बाजाराचा पहिला प्रयोग १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे झाला, ते गाव आज शेजारच्या वाशीम जिल्ह्यात आहे. संरक्षणासाठी सुरू झालेली ही चौकट पुढे अनिवार्य झाली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला तिच्यातून मोकळा केला. २०२० च्या तीन केंद्रीय कृषी कायद्यांना उत्तरेत प्रचंड विरोध झाला, तेव्हा शेतकरी संघटनेने बाजारस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्यांना पाठिंबा दिला. संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. ते कायदे २०२१ च्या अखेरीस मागे घेण्यात आले.

कोणते बियाणे पेरायचे, हा निर्णय कोणाचा? १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे संघटनेच्या शेतकऱ्यांनी, मान्यता नसलेले तणनाशकसहिष्णू कापूस बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. शेजाऱ्याच्या शेताला किंवा पर्यावरणाला होणारी संभाव्य हानी हा येथे खरा वादाचा मुद्दा आहे, आणि हानी सिद्ध झाल्यास प्रतिबंध योग्यच, असे स्वातंत्र्यवादीही म्हणतील. निर्णय वर्षानुवर्षे लांबवणे मात्र त्यांना मान्य नाही.

जमिनीच्या अधिग्रहणाचा प्रश्न सध्या हिंगोलीच्या अगदी दारात आहे. नागपूर ते गोवा असा शक्तिपीठ महामार्ग २०२५ च्या आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि बारा जिल्ह्यांतून नियोजित होता; त्यांत हिंगोलीचाही समावेश होता. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. रस्ता हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. मोबदला कितीही असो, मालकाच्या संमतीवाचून घेतलेली जमीन ही खरेदी होत नाही, असे स्वातंत्र्यवादाचे म्हणणे आहे. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने काही प्रकल्पांसाठी ७० ते ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली; सरकारच्या स्वतःच्या रस्त्यांना ती अट नाही.

या विचारावरील आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप मराठवाड्याच्या भूमीतूनच उठतो. आजची मालकी न्याय्य मानायची तर ती आली कोठून हे विचारावे लागेल. निजामी राज्यात जमीन सर्फ-ए-खास (निजामाची खाजगी), जहागीर आणि दिवाणी (सरकारी) अशी वाटलेली होती. मोठी धारणे राजकृपेतून उद्भवली, मोकळ्या देवघेवीतून नव्हे. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने संरक्षित कुळांना हक्क मिळाले, तेव्हा सरकारचा हस्तक्षेप जुन्या सरकारी अन्यायाचेच निवारण करीत होता. नोझिकनेही भूतकाळातील अन्यायाचे परिमार्जन आवश्यक मानले आहे. गायरानाचा प्रश्न तर लॉकच्या सिद्धान्ताची थेट परीक्षा पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या सातबारापासून वंचित ठेवलेल्या दलित कुटुंबांनी पडीक गायरान फोडून पिकवले. श्रम मिसळल्याने मालकी येते, तर ती मालकी त्यांची आहे. त्याला अतिक्रमण म्हणणारे सरकार होते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय पुढे झाला, पण अनेकांच्या नावे सातबारा अजून झालेला नाही. या कुटुंबांची बाजू स्वातंत्र्यवाद्यांनी जितक्या जोराने घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आगरकरांनी दाखवलेली वाट येथे सुटली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चर्चेत दोन्ही बाजूंना आव्हान देतात. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा असे सुचवले. स्वातंत्र्यवाद्यांना हे मान्य होणे शक्य नाही. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेडे हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याचे समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात १५ तारखेला के. टी. शहा यांनी संविधानात समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे. संविधानात ते बांधून टाकणे म्हणजे लोकशाहीचाच संकोच होय, अशी त्यांची भूमिका होती.

तो शब्द १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९ अ दाखल झाले आणि राजकीय पक्षांना समाजवादाशी निष्ठा जाहीर करणे बंधनकारक झाले. स्वतंत्र पक्षाच्या परंपरेतील एस. व्ही. राजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शरद जोशी २००४ ते २०१० या काळात राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी ही अट काढून टाकणारे खाजगी विधेयक मांडले. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा अट तशीच होती. भारतात नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला, मग तो सरकारच्या सीमा आखण्यासाठीच निघालेला का असेना, आपण समाजवादाच्या तत्त्वाशी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगू असे स्वतःच्या घटनेत आजही लिहून द्यावे लागते.